उघड्या डोळ्यांचं बाळ

मुखेड, मंगळवार

प्रिय पुनम,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस, एवढं एक ऐक. तीन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अप्पांशी बोलतेस, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतेस, तेवढ्यावर मी भागवून घेते. तुझा फोन आला की अप्पा हल्ली अंगणात जात नाहीत, घरातच माझ्याजवळ बसून बोलतात. पलीकडचा तुझा आवाज मला थोडा थोडा ऐकू येतो. त्यांना यावरून रागावू नकोस.

घरचं ठीक आहे. एसटीतून निवृत्त होऊन अप्पांना वर्ष होत आलं, तरी पहाटे उठून बसतात आणि डेपोतून पहिली गाडी निघाल्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय चहा घेत नाहीत. आयुष्यभर उभ्यानं तिकिटं फाडली, त्याचा हिशेब आता गुडघा मागतो. आमच्या अंगणवाडीला नवी खोली मिळाली, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. पोरं उन्हाळ्यात निवांत झोपतात. वजनकाटाही नवा आला. मी इकडचं तिकडचं लिहीत बसले आहे, कारण जे लिहायचं आहे तिथवर हात जात नाही. पण आज लिहिलंच पाहिजे. त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते सांगायचं तर आधी ठाऊक असलेल्यातूनच जावं लागेल, म्हणून कंटाळू नकोस.

तू नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस. दिवाळीला घरी आलीस आणि दारातच मला तुझे डोळे वेगळे वाटले. मोठे झाल्यासारखे, पुढे आल्यासारखे. मला वाटलं होस्टेलवर अभ्यासानं पोरगी वाळली. चार भाकरी खायचीस आणि तरी तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. चहाचा कप बशीत वाजायचा. थंडीत कपाळावर घाम. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, “सिंधुबाई, तुमची पुनम कुणाकडं बी डोळे वटारूनच बघून राहिली.” मग मी तुला आरशासमोर उभं राहून बोटांनी पापण्या खाली ओढताना पाहिलं. तुला वाटत होतं घरात कुणी नाही. त्या दिवशीच मी अप्पांना म्हणाले, उद्या नांदेडला जायचं.

तिथल्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि सांगितलं, थायरॉईडची ग्रंथी फार जोरात चालली आहे. शरीर स्वतःच रक्तात असं काही तयार करतं की ते त्या ग्रंथीला सारखं डिवचत राहतं, आणि त्यानंच डोळेही पुढे येतात. दीड वर्ष गोळ्या झाल्या. बंद केल्या की पुन्हा तेच. शेवटी हैदराबादला नेलं, आणि डोळ्यांची सूज उतरल्यावर त्यांनी आयोडीनचं औषध पाजून ती ग्रंथीच थंड केली. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी तुझी ती एक गोळी. डोळे हळूहळू मागे गेले. तुझं हसू परत आलं. एकदा तू गच्चीवर कपडे वाळत घालताना गाणं म्हणत होतीस आणि मी खाली उभी राहून ऐकत होते, एवढंच मला त्या वर्षातलं लख्ख आठवतं.

बिलोलीचं स्थळ मात्र मी विसरू शकले नाही. अप्पांनी त्या लोकांना सगळं सरळ सांगितलं. त्यांनी चहा संपवला, नमस्कार केला, आणि आठ दिवसांनी निरोप आला की डोळ्याचा रोग असलेली पोरगी आम्हाला नको. पुढच्या महिन्यात ते बोलणं हिमायतनगरला तुझ्या आत्यापर्यंत पोचलं होतं. त्यानंतर कुणाकडे जाताना तू गॉगल घालायला लागलीस, लग्नाच्या मांडवातसुद्धा. ते मला बघवत नव्हतं. म्हणून लातूरहून तुझ्या सासरचे, सिद्रामप्पांच्या घरचे लोक आले, सासूबाई नीलाबाईंनी तुझी हनुवटी धरून “डोळे लई बोलके हायत पोरीचे” असं म्हटलं, तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन रडले. अप्पा मागोमाग आले. म्हणाले, “सिंधु, सांगून टाकू. मानसं चांगली दिसतात.” मी म्हणाले, “थायरॉईडची गोळी चालू हाय एवढं सांगू. त्यात खोटं काय हाय?” आणि खरंच खोटं नव्हतं. ती गोळी आज घरोघरी कुणा ना कुणाला असते. नीलाबाई म्हणाल्या, “माझ्या बहिणीला बी हाय की,” आणि विषय तिथंच संपला. तुला मी बजावलं की याच्यापुढे एक शब्द बोलायचा नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तू विचारलंस, “आई, पुढं कधी कळलं तर?” मी म्हणाले, “गेलेला आजार कुणाला कळतो?” अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण ते जेवले नाहीत हे मी लिहून ठेवते आहे, कारण यात त्यांचा वाटा नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तू सातव्या महिन्यात इकडे आलीस. आठव्यात नांदेडच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा मशीनवर बाळाचे ठोके ऐकवले. टांग्याचा घोडा पळावा तसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा जास्त वाटतात, परत बघू. तू हसून म्हणालीस, “आई, लातूरला जायची घाई झालीय त्याला.” मी पण हसले. दिवस भरायला तीन आठवडे असताना जानेवारीत तुझी सुटका झाली, मुलगा झाला, आणि नर्सनं दुपट्यात गुंडाळून त्याला माझ्या हातात दिला.

पुनम, मी बावीस वर्षं बाळं काट्यावर घालते आहे. पहिल्या दिवशीचं बाळ कसं असतं ते मला माहीत आहे. डोळे मिटलेले, चेहरा चोळामोळा झालेला, उजेड नको असलेला. हा टक्क बघत होता. डोळे पुढे आलेले, वरची पापणी बुबुळाच्या वर उचललेली, पांढरं दिसणारं. नर्स म्हणाली, “बघा, कसा टकामका बघतोय, हुशार होणार.” बाकीच्या बायका कौतुकानं गोळा झाल्या. त्याच्या छातीवर माझी दोन बोटं होती आणि खाली काळीज इतकं धावत होतं की मला एकेक ठोका वेगळा लागेना. तो झोपला तरी डोळे पुरते मिटत नव्हते, फट राहायची. ते डोळे मी आधी पाहिले होते, दिवाळीला, माझ्याच दारात.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. हैदराबादहून निघताना तिथल्या डॉक्टरांनी शेवटची गोष्ट सांगितली तेव्हा तू औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतीस आणि अप्पा गाडीची चौकशी करायला गेले होते. मी एकटीच खुर्चीवर होते. ते म्हणाले, ग्रंथी थंड झाली तरी रक्तातलं ते डिवचणारं वर्षानुवर्षं राहू शकतं. मुलीचं लग्न झालं आणि दिवस गेले की पहिल्याच भेटीत तिथल्या डॉक्टरांना हा आजार सांगा. ते नाळेतून बाळाकडे जातं, बाळाला हाच त्रास होऊ शकतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास रक्ताची एक तपासणी करून घ्या, म्हणजे आधीच औषध देता येतं. त्यांनी मला दोनदा विचारलं, समजलं ना? मी हो म्हणाले. तू गोळ्यांची पिशवी घेऊन आलीस आणि मी तुला काही सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, लग्नाचं बघू आधी. मग लग्नाच्या वेळी वाटलं, दिवस गेल्यावर बघू. मग तू पोटुशी राहिलीस तेव्हा लातूरच्या डॉक्टरांकडे नीलाबाई तुझ्यासोबत जायच्या, तिथं तू ते बोलणार कशी. मग वाटलं, इतकी वर्षं झाली, आता काय उरलं असेल रक्तात. असं पुढे पुढे ढकलत मी त्या बाळापर्यंत आले.

तुला वाटतं की मी फक्त जुना आजार लपवला, आणि त्याचा बाळाशी संबंध आहे हे मलाही नंतरच कळलं. तसं नाही. मला पहिल्या तासात कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नीलाबाई आणि जावईबापू वैजनाथराव आले. नीलाबाईंनी बाळाला मांडीवर घेऊन म्हटलं, “आईचे डोळे घेतले पठ्ठ्यानं. आमच्या मामंजींचं नाव ठेवायचं, गुरुपादप्पा.” वैजनाथरावांनी फक्त एक बोट त्याच्या मुठीत दिलं आणि ते काढायला तयार होईनात. बाळ अधाशासारखं प्यायचं आणि तरी वजन उतरत होतं. थंडीत त्याची टाळू घामानं ओली व्हायची. सारखं किरकिरायचं. डोळे मिटत नाहीत म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी मलम घालत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. डोळ्यांचे डॉक्टर बोलावले, काचबिंदू आहे का म्हणून दाब तपासला, डोळ्यामागे गाठ आहे का म्हणून सोनोग्राफी केली, कवटीची हाडं नीट आहेत का ते पाहिलं. तुझ्या गोळीवरून बाळाची थायरॉईड कमी आहे का तेही रक्तातून तपासलं. तसं काही निघालं नाही म्हणून त्यांनी तो कागद मागे टाकला. जास्त असेल असं त्यांच्या मनात यायला कारणच नव्हतं. ते कारण माझ्यापाशी होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टर तुझ्या खाटेपाशी आले. म्हणाले, “बाळाच्या आईला पूर्वी काही आजार? नीट आठवून सांगा, लहानसहान असलं तरी.” नीलाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून बाळाचं झबलं घडी करत होत्या. तू माझ्याकडे बघितलंस. तुझे ओठ उघडले होते. तू विचारत होतीस, सांगू का? आणि मी मान हलवली. इतकीशी. मग मीच डॉक्टरांना म्हणाले, “थायरॉईडची साधी गोळी हाय, बाकी काही न्हाई.”

ती मान मी रोज हलवते, पुनम. चूल पेटवताना, पोरांना खिचडी वाढताना. ती थांबत नाही.

सहाव्या दिवशी बाळाला धाप लागली आणि काचेच्या पेटीत हलवलं. त्या दिवशी रजेवरून बाळांच्या मोठ्या डॉक्टर फरीदा मॅडम परत आल्या. तुला त्या आठवतात, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला बघितलं, गळ्याखाली बोट फिरवलं, मग वर बघितलं ते थेट तुझ्या चेहऱ्याकडे. बराच वेळ. त्या बाहेर पडल्या तशी मी मागे गेले. जिन्यापाशी त्यांना गाठून सगळं सांगितलं, हैदराबादसकट. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी नुसतं विचारलं, “कोणत्या साली औषध पाजलं?” आणि मी साल सांगेपर्यंत त्या पळत आत गेल्या होत्या. तासाभरात नळीतून औषध सुरू झालं, ग्रंथी दाबणारी गोळी विरघळवून, आयोडीनचे थेंब, काळजाचा वेग कमी करणारं आणखी एक. दुसऱ्या दिवशी ठोके उतरले. तुला त्याच्याजवळ बसू दिलं. तू त्याच्या तळपायाला हात लावलास आणि त्यानं पाय आखडून घेतला नाही. मला वाटलं, वाचला. मी मनात म्हणाले, वाचला तर मी स्वतः नीलाबाईंच्या पाया पडून सांगेन.

नवव्या दिवशी दुपारी त्याचं काळीज थांबलं. सहा दिवस त्या वेगानं धावून ते थकलं होतं.

फरीदा मॅडमनी तुला आणि मला त्यांच्या खोलीत बसवलं. वैजनाथराव कागदांवर सह्या करायला गेले होते. त्यांनी तुला समजावलं की हा त्रास आईच्या रक्तातून येतो, आईचा त्यात दोष नसतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर दोन-चार महिन्यांत तो आपोआप ओसरतो, कारण आईकडून आलेलं ते बाळाच्या रक्तातून संपून जातं. त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवशी कळलं असतं तर…” आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मी हात जोडले. म्हणाले, मॅडम, तिच्या घरच्यांना सांगू नका, पोरीचा संसार मोडेल. त्या म्हणाल्या, “पुनमची परवानगी नसेल तर मी सांगणार नाही. पण पुनम, तू सांग. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यातच सांग.” तू भिंतीकडे बघत होतीस. वैजनाथराव आत आले तेव्हा मॅडमनी एवढंच सांगितलं की बाळाचं हृदय थकलं. ते म्हणाले, “आमच्या काकांचं पण असंच झालं होतं, तिशीत.” आम्ही कुणी ते खोडून काढलं नाही. मातीला नेताना नीलाबाईंनी त्याच्या कानात नाव सांगितलं, बारशाला सांगायचं होतं ते.

दीड महिन्यानं लातूरला निघताना तू उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणालीस, “आई, तू मान हलवलीस.” त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणवाडीत निजामोद्दीनभाईंची नात आली, अलीझा, दोन महिन्यांची. वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं, स्टँडच्या मागे. पोरीचे डोळे एवढे मोठे की घरचे सगळे खुशीत. तिची आजी म्हणाली, “कित्ते बडे आँखां हैं बच्ची के, माशाल्ला.” पोर उजेडात नेली की तोंड लपवायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि बुबुळ काळं न दिसता धुरकट निळसर दिसत होतं. मी काटा तिथंच सोडला आणि त्यांच्यासोबत नांदेडच्या गाडीत बसले. वाटेत तिच्या आईला सांगत होते, डॉक्टर विचारतील ते सगळं सांगायचं, माहेरचं, सासरचं, काही ठेवायचं नाही. तिचा आजार वेगळा निघाला. जन्मतःच काचबिंदू होता, आत दाब वाढून डोळे मोठे झाले होते. आठवड्यात ऑपरेशन झालं. आता ती मला लांबून ओळखते आणि हात पुढे करते. मी हे तुला माझं काही फिटलं म्हणून सांगत नाही. तिला घेतलं की मला आपलं बाळ जास्तच आठवतं. पण मोठ्या डोळ्यांचं कौतुक करणाऱ्या बायका दिसल्या की आता मी गप्प बसत नाही, एवढं खरं.

मागच्या बुधवारी नीलाबाईंचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा आवाज फुललेला होता. “विहीणबाई, पुनमला पाचवा लागला. ती सांगू नका म्हणत होती, पण मला राहवंना.” मला आनंद झाला का, असं विचारशील तर झाला, पण तो एका श्वासापुरता. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? त्या म्हणाल्या, “समदं चांगलं हाय. थायरॉईडची साधी गोळी हाय तिला, बाकी काही न्हाई.”

तू सांगितलेलं नाहीस. का नाही सांगितलंस ते मला कळतं. तीन वर्षं जे बोलली नाहीस ते आता कोणत्या तोंडानं उघडायचं, हीच भीती. ती मीच तुला शिकवली. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. अप्पांच्या फोनवरून लावला, माझा आवाज आला की तू ठेवून दिलास. अप्पा स्वतः बोलले तेव्हा “मी बघते, अप्पा” म्हणालीस आणि विषय बदललास. चार दिवस मी वाट बघितली. पाचव्या महिन्यातले दिवस निघून चालले होते.

म्हणून काल मी लातूरला गेले. अहमदपूरवरून दुपारपर्यंत पोचले. तुझ्या घरी आले नाही. मी येऊ नये असं तू अप्पांकडून कळवलं आहेस. वैजनाथरावांच्या वाइंडिंगच्या दुकानात गेले. ते एका जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार उसवत बसले होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, तुझं एकोणिसावं वर्ष, बिलोली, हैदराबाद, ती मान. हैदराबादचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. मी म्हणाले, पुनमचा यात दोष नाही, तिला मी बोलू दिलं नाही, आणि बाळाला धोका आहे हे तिला माहीतच नव्हतं. ते ऐकत होते. तार हातातच होती. मग त्यांनी एकच विचारलं, “त्याला लई त्रास झाला का, मामी?” मी खोटं बोलणार नव्हते. झाला म्हणाले. ते उठून दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, “तीन वर्षं मी समजत होतो माझ्या रक्तातनं गेलं. काकांचं काळीज असंच होतं ना. मी दोनदा छातीची तपासणी करून आलो, पुनमला न सांगता. दुसरं लेकरू नको म्हणत होतो ते त्यापाईच.” पुनम, हे तुला ठाऊक होतं का? मला वाटतं नसावं. तुम्ही दोघं एका घरात, आपापला दोष उशाशी घेऊन राहिलात. त्यांचा तर खोटाच होता.

त्यांनी मला माफ केलेलं नाही. तसं ते म्हणालेही नाहीत आणि मी मागितलंही नाही. स्टँडवर सोडायला आले, गाडीत बसवलं, आणि खिडकीपाशी उभं राहून कोणती तपासणी करायची ते हातावर लिहून घेतलं. मी तिथूनच फरीदा मॅडमना फोन लावून दिला. मॅडम म्हणाल्या, अजून वेळ आहे. रक्तातलं ते किती आहे ते बघू, जास्त निघालं तर बाळाचे ठोके दर थोड्या दिवसांनी तपासू, लागलं तर तुझ्यातूनच बाळाला औषध देता येतं, आणि जन्मल्यावर पहिल्या तासापासून आम्ही तयार असू. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी नांदेडला बोलावलं आहे. वैजनाथराव म्हणाले, “घरात आईला मी सांगतो. पण पुनमला तुम्हीच लिवा. मी बोललो तर तिला वाटंल मी जाब विचारून राहिलो.” म्हणून हे पत्र. उद्या अप्पा ते घेऊन पहिल्या गाडीनं निघतील आणि तुझ्या हातात देतील. तू वाचेपर्यंत वैजनाथराव घरात काही बोलणार नाहीत, असं त्यांनी मला कबूल केलं आहे.

जे सांगायचं ते तुझं होतं आणि ते तुझ्याआधी मी सांगून टाकलं, हाही अन्यायच आहे. एकदा मी तुझं तोंड बंद केलं, एकदा तुझ्याऐवजी बोलले. दोन्ही वेळा तुला विचारलं नाही. त्याचा राग मनात ठेव, तो तुझा हक्क आहे. बाळंतपणाला मुखेडला येऊ नकोस, मला बोलावू नकोस, मी दाराशी उभी राहणार नाही. फक्त शुक्रवारी जा. फरीदा मॅडम विचारतील, पूर्वी काही आजार? त्या खोलीत मी नसेन. कुणाकडे बघू नकोस, बाळा. तुझ्या तोंडानं सांग.

तू मानलंस तर, नाही मानलंस तरी, तुझीच
आई